तोंडात खिळे, कानात इंग्रजी

वाशी, नवी मुंबई
दि. ८ डिसेंबर १९९६

सन्माननीय मेव्हणे आणि इंग्रजीचे मास्तर उदयसिंहराव यांना त्यांच्या अडाणी दाजींचा हात जोडून रामराम.

आम्ही तिघंही इकडे धडधाकट आहोत. तुमच्या ताईचं (प्रेमलाचं, तुम्हाला एकच ताई आहे हे मला ठाऊक आहे, पण पत्रात नाव घाला असं ती पाठीमागे उभी राहून सांगते आहे) पित्त आटोक्यात आहे. तुमचा डावा गुडघा कसा आहे? मागे पाठवलेलं तेल जिरवलंत की वहिनींनी ते दाराच्या बिजागरीला घातलं? वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुमच्या त्या मारक्या म्हशीलाही दुरून नमस्कार. विचारपूस झाली. आता भांडण.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत तुम्ही आमच्याकडे चार दिवस राहिलात. चकल्या संपवल्यात, त्याबद्दल तक्रार नाही. पण निघताना, एक पाय चपलेत आणि एक बाहेर असताना, तुम्ही तुमच्या भाचीला, उत्कर्षाला म्हणालात की दाजी हुशार आहेत पण त्यांचं तोंड बंद आहे, त्यांना एकदा इंग्रजीच्या क्लासला घाल. तुम्ही एसटीत बसून घरी पोचलात आणि ते वाक्य आमच्या हॉलमध्येच राहिलं. मास्तर लोकांचं हे असंच असतं. बी टाकून पुढच्या वर्गात जायचं, आणि उगवलेलं ज्याच्या त्याने निस्तरायचं.

त्यात उत्कर्षाला वाशीतच एका कचेरीत नोकरी लागली. (पेढे मिळाले ना? खालून चार दबलेले असतील तर ते टपालखात्याचं काम.) एके दिवशी तिच्या साहेबांचा फोन घरी आला आणि तो मी उचलला. साहेब इंग्रजीत चार मिनिटं बोलले आणि मी चार मिनिटं फोन कानाला धरून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी उत्कर्षाला सांगितलं, की तुमच्या लाइनमध्ये बिघाड आहे, पलीकडे कुणीतरी श्वास घेत असल्याचा आवाज येतो. पोरीला फार लागलं. तिने पहिल्या पगारातून माझी तीन महिन्यांची फी भरली आणि पावती देवापुढे ठेवली. देवापुढून ती उचलून नको म्हणणार कसं? हे तिने तुमच्याकडूनच घेतलं असणार, आमच्या घराण्यात इतका कावेबाजपणा नाही.

पण त्या फोनची खरी गोष्ट वेगळी आहे, उदयसिंहराव. फोनवर उत्कर्षाच आहे असं समजून साहेब म्हणत होते की उद्याची, शुक्रवारची मिटिंग दहाऐवजी नऊला आहे, येताना निळी फाईल आणा, आणि कचेरीत कागद जागच्या जागी ठेवणारी तुम्ही एकट्याच आहात. हा निरोप मला अक्षर न् अक्षर कळला होता. मी तो पोरीला दिला नाही, कारण दिला असता तर मला कळतं हे तिला कळलं असतं. मी नुसतं शुक्रवारी सकाळी, आज रस्त्यावर ट्रक फार दिसतात, आठलाच नीघ, असं तिच्या मागे लागून तिला घराबाहेर काढलं आणि ती निळी वही राहिली बघ म्हणून फाईल हातात दिली. पोरगी नऊला हजर. साहेब खूश. आणि माझं नाव अडाण्यांत कायम.

तर आता ऐका. मला इंग्रजी कळतं. बावीस वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, तुमच्या ताईलाही नाही. (आता तिला कळली आहे. त्याचं रामायण पुढे येतं.) अठराव्या वर्षी जावळीतून निघून मी तुर्भ्याला एका खोकी ठोकायच्या शेडमध्ये लागलो हे तुम्हाला माहीत आहे. खोकी ठोकणारा माणूस कसा काम करतो हे मात्र तुम्ही कधी नीट बघितलं नसेल. डावा हात फळीवर, उजव्यात हातोडी, मग खिळे कुठे ठेवायचे? तोंडात. दीड इंची आठ-दहा खिळे ओठांत धरायचे आणि जिभेने एकेक पुढे सरकवायचा. अशा माणसाला दिवसभर तोंड उघडता येत नाही. त्यामुळे कंपन्यांचे साहेब शेडमध्ये यायचे, फळ्यांच्या ढिगाला टेकायचे आणि माझ्यादेखत इंग्रजीत खुशाल बोलायचे. ज्याचं तोंड बंद, त्याचे कानही बंद असणार, असं शिकलेल्या माणसांना का वाटतं ते देव जाणे.

पहिली दोन वर्षं नुसता आवाज ऐकू आला. मग मी एक युक्ती काढली. शब्द आज ऐकायचा आणि अर्थ उद्या बघायचा. आज साहेब एक लांबलचक वाक्य बोलले आणि उद्या मालकाची ऑर्डर निम्मी झाली, की ते वाक्य मी निम्म्याच्या खणात टाकत असे. साहेब हसत बोलले आणि दुसऱ्या दिवशी चौघांना कामावरून काढलं, की ते गोड बोलणं कडू खणात. तुमचं व्याकरणाचं पुस्तक मी उघडलं नाही, पण पाच वर्षांत, म्हणजे बावीस वर्षांपूर्वी, उत्कर्षा जन्मायच्या आधीच, मला इंग्रजीतले रुसवे, थापा आणि घाई, तिन्ही वेगवेगळे ओळखू येऊ लागले. पुढे रबाळ्याला माझी स्वतःची शेड झाली, माणसं ठेवली, तरी गिऱ्हाईक येताना दिसलं की मी चार खिळे तोंडात टाकून हातोडी घेतोच. लोक म्हणतात, शेठ होऊनही काम सोडलं नाही. मी मान हलवतो.

या खिळ्यांचा सगळ्यात जास्त प्रसाद मिळाला तो वामनरावांना. वामनराव म्हणजे रबाळ्याच्याच एका पंपांच्या कंपनीचे खरेदी अधिकारी. तेरा वर्षं ते माझ्याकडून खोकी घेतात. सोबत त्यांचा तपासणीस असतो. महिन्यातून दोनदा दोघे येतात, माझ्याशी मराठीत गोड बोलतात आणि एकमेकांशी इंग्रजीत खरं बोलतात. मी दोन्ही ऐकतो आणि मग माझा भाव सांगतो. वामनराव दर वेळी म्हणतात, सयाजीराव, तुम्हाला बाजाराची नाडी कशी कळते कोण जाणे. मी खिळे काढतो, अनुभव म्हणतो, आणि परत घालतो.

अशा माणसाला तुम्ही क्लासला घालायला लावलंत.

क्लास वाशीत, चष्म्याच्या दुकानाच्या वर, सकाळी सातला. खालची, मधली आणि वरची अशा तीन बॅचेस. शिकवायला प्रियदर्शिनी नावाच्या मिस, वय चोवीस, आवाज अठ्ठेचाळिसाचा. पहिल्या दिवशी त्यांनी मला इंग्रजीत दहा प्रश्न विचारले. मी सहा वेळा होकारार्थी मान हलवली आणि चार वेळा नकारार्थी. त्यांनी कागद बघितला, मला बघितलं, आणि मधल्या बॅचला घातलं. कारण सांगितलं की बोलता येत नाही, पण मान बरोबर जागी हलते. (शाळेत तुमच्यासारख्यांनी मला मान हलवली म्हणून बाकावर उभं केलं होतं. माणसाने क्लास बदलून बघावा.)

मधल्या बॅचची जात न्यारी आहे. खालच्या बॅचला काहीच येत नाही, त्यामुळे ते मोकळेपणाने चुकतात. वरच्या बॅचला सगळं येतं असं त्यांना वाटतं, त्यामुळे तेही मोकळेपणाने चुकतात. मधल्या बॅचमधल्या माणसाला आपण चुकतोय एवढंच कळतं. म्हणून आम्ही पंधरा जण घाम पुसत बसायचो आणि पुस्तकातली ती माणसं, जी सारखी एकमेकांकडे चहाला जातात, रस्ता चुकतात आणि माफी मागतात, त्यांची चित्रं बघायचो. त्यांच्या देशात कुणी कामाला जातं की नाही याचा उलगडा सव्वीस पाठांत झाला नाही.

माझ्या डाव्या बाजूला खांब आणि उजव्या बाजूला रंगूबाई. रंगूबाई खाडीकाठच्या गावच्या, वय साठ, शेतावर आता चार मजले उभे आणि त्यांत भाडेकरू सगळे परप्रांतीय इंजिनियर. त्या मिसना पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मना चहाला बोलवायचा इंग्रजी नको. म्हयन्याभरान खोली खाली कर, येवराच शिकव." मिसनी ते पाठ तेवीसमध्ये येईल असं सांगितलं. रंगूबाई पाठ तेवीसपर्यंत डोळे मिटून बसल्या, तेवीसला ताठ झाल्या, चोवीसला परत मिटले. इतकी नेमकी विद्यार्थिनी मी दुसरी पाहिली नाही.

दिवस बरे चालले होते. मी ठरवलं होतं की तीन महिने नेमकं इतकंच शिकायचं की पोरीचं समाधान होईल आणि वामनरावांना संशय येणार नाही. (ते स्वतः वरच्या बॅचला होते, कंपनीत परदेशी भागीदार येणार म्हणून. जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली आणि या वयात शिकताय, कौतुक आहे म्हणाले. ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे.) पण परीक्षा आली आणि माझा जुना रोग उफाळला.

परीक्षेचे चार भाग, पंचवीस-पंचवीस मार्कांचे. वाचणं, लिहिणं, बोलणं आणि ऐकणं. बोलण्यात मला चार मिळाले, तेही मिसनी माझा नमस्कार धरला म्हणून. वाचण्या-लिहिण्यात पोटापुरते. शेवटी ऐकण्याचा पेपर. मिसनी टेपरेकॉर्डर लावला आणि दोन गोरे एका हॉटेलच्या खोलीवरून बोलू लागले. मला सुरुवातीला नीट ऐकू येईना. कान आहेत, आवाज आहे, पण आत काही जाईना. मग लक्षात आलं की तोंड रिकामं आहे. आपल्या माणसांचं इंग्रजी रिकाम्या तोंडानेही कळतं, पण अनोळखी गोऱ्यांचं मन लावून ऐकायचं तर बावीस वर्षांची सवय खिळ्यांची. खिशात हात घातला, शेडमधले पाच खिळे होतेच, ते हळूच ओठांत धरले, आणि लोखंडाची चव लागल्याबरोबर ते दोन्ही गोरे माझ्या पुढ्यात येऊन बसल्यासारखे बोलू लागले. मी सगळी उत्तरं लिहून टाकली.

पंचवीसपैकी चोवीस. अख्ख्या क्लासात वरच्या बॅचलाही इतके नव्हते. एक चुकलं ते खोलीच्या भाड्याचं. टेपवर जो आकडा सांगितला त्याहून मी कमी लिहिला, कारण त्या गिऱ्हाइकाचा आवाज ऐकून तो एवढं पाडून घेणार हे उघड होतं. टेप तिथेच संपली म्हणून, नाहीतर मीच बरोबर ठरलो असतो.

मिसनी मला बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बोलण्यात चार मिळवणारा माणूस ऐकण्यात चोवीस मिळवूच शकत नाही. त्यात पेपरच्या वेळी मी तोंडात काहीतरी लपवलेलं त्यांनी पाहिलं होतं. मी खिळे काढून टेबलावर ठेवले. त्यांनी ते उलटसुलट करून बघितले, त्यांवर काही कोरलंय का तेही बघितलं. मग म्हणाल्या की काका, मी बोभाटा करणार नाही, ऐकण्याचे मार्क मी रद्द करते, तुम्ही खालच्या बॅचला बसा, विषय इथेच मिटेल. बाई वाईट नाहीत. पण माझ्यावर कॉपीचा आळ, आणि तोही कशात, तर ऐकण्यात. शेजारी रंगूबाईंचा कोरा पेपर आणि दुसरीकडे खांब.

मिसनी बोभाटा केला नाही, पण मार्क रद्द झाल्याची चिठ्ठी घरी आली आणि ती उत्कर्षाने फोडली. तिने मला चहा दिला, समोर बसली, आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "पप्पा, कॉपी केली असेल तर सांगा. मी रागावणार नाही." उदयसिंहराव, ती रागावली असती तर बरं झालं असतं. खरं सांगावं तर बावीस वर्षांची माझी कमाई, माझे कान, उघडे पडणार. आणि नुसत्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? न सांगावं तर पोरीच्या मनात बाप आयुष्यभर कॉपी करणारा. मी चहा पिऊन शेडवर गेलो आणि त्या दिवशी तीन खोकी वाकडी ठोकली.

पुढच्या रविवारी क्लासात प्रमाणपत्रं वाटायची होती. तिन्ही बॅचेस, सोबत घरची माणसं. मी मिसना सांगितलं की माझे मार्क असे रद्द होणार नाहीत, सगळ्यांसमोर परत ऐकवा. त्या म्हणाल्या की काका, हट्ट सोडा, लोकांत शोभा होईल. मी म्हणालो, होऊ द्या. तुमची ताई जरीकाठी नेसून पहिल्या रांगेत, शेजारी मान खाली घालून उत्कर्षा, आणि तिसऱ्या रांगेत, तपासणिसाला टाळ्या वाजवायला घेऊन आलेले, वामनराव. माझे कान उघडे पडायला नकोत असा तोच एक माणूस. मी अजून मागे फिरू शकत होतो. तेवढ्यात वामनराव तपासणिसाच्या कानाशी झुकले आणि, कुजबुज म्हणून जरा मोठ्यानेच, इंग्रजीत म्हणाले की बिचाऱ्याला कशाला छळतात, खोकी ठोकणाऱ्याला कान कशाला हवेत, हात आहेत तेवढं पुरे.

ते मी उत्कर्षाच्या खुर्चीमागे उभा राहून ऐकलं. तिनेही ऐकलं. तिची मान आणखी खाली गेली.

मग मी मागे फिरलो नाही.

मिसनी टेप लावायला घेतली, तर मागून कुणीतरी म्हणालं की टेप त्यांनी पाठ केली असेल. तेव्हा रंगूबाई उठल्या आणि पदर खोचला. "यो मानूस कापी करनारा नाय. माझे पेपरान कायच नव्हतं, त यो कापी करल कनाची? टेप नको तर त्या चष्म्यावाल्या सायबाला बोलू दे, लय फडफडतंय मगासधरनं." सगळे वामनरावांकडे वळले. नाही म्हणायची सोय नव्हती. ते पुढे आले, टाय सारखा केला आणि चांगला खरेदी अधिकारी कसा असावा या विषयावर दोन मिनिटं सुसाट इंग्रजी बोलले. मी खिशातून खिळे काढले, मिसची परवानगी घेतली आणि ओठांत धरले. लोक हसले. हसू द्या. त्यांना खोकं ठोकता येत नाही.

वामनराव थांबल्यावर मी खिळे काढून हातात घेतले आणि मराठीत सगळं सांगितलं. चांगला खरेदी अधिकारी कधी घाई दाखवत नाही असं ते म्हणाले. विकणाऱ्याची अडचण आधी शोधावी, आपली झाकून ठेवावी असंही म्हणाले. मधेच एका ठिकाणी ते अडकले, तिथे त्यांना जे बोलायचं होतं आणि आठवलं नाही, तेही मी भरून दिलं. मिस पुस्तक मिटून बघत राहिल्या. मी इथेच थांबायला हवं होतं, उदयसिंहराव. काम झालं होतं. पण बावीस वर्षं तोंड बंद ठेवलेला माणूस एकदा बोलू लागला की त्याला थांबायची सवय नसते.

मी म्हणालो, साहेबांनी हेच भाषण एक्क्याण्णव साली माझ्या शेडमध्ये, रंध्याशेजारी उभं राहून केलं होतं. तपासणिसाला म्हणाले होते, की याला मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे म्हणून हा घाईत आहे, आणखी खाली ओढा. "पण वामनराव, पुढे तुम्ही असंही म्हणालात, की पंप चार दिवसांत बंदरावर पोचले पाहिजेत आणि याच्यासारखं घट्ट खोकं दुसरा कुणी ठोकत नाही. म्हणून मी खाली आलो नाही."

वामनरावांनी चष्मा काढला. तो पुसायला रुमाल शोधला, सापडला नाही, तसाच परत घातला. माझ्याकडे बघत ते एवढंच म्हणाले, "सयाजीराव, बारा वर्षं?"

"तेरा," मी म्हणालो.

मिसनी माझे चोवीस मार्क सगळ्यांसमोर परत लिहिले आणि खाली सही केली. उत्कर्षाने मान वर केली, अशी की मला सोन्याचं कडं मिळाल्यासारखं झालं. पण ते अर्धं मिनिटच टिकलं. मग तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडू लागला, आणि माझ्या ध्यानात आलं की पोरगी हिशेब करते आहे. गेलं वर्षभर ती घरातल्या फोनवर कुलदीप नावाच्या कुणाशी तरी रोज इंग्रजीत बोलते, मी दोन हातांवर पेपर वाचत बसलेला असताना. घरच्या जिन्यात तिने विचारलं, "पप्पा, फोनवरचं पण?" मी म्हणालो की मला त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, तुझंच येत होतं, पण तुझ्या बोलण्यावरून पोरगा बरा वाटतो. त्यावर ती रडली की हसली ते सांगता येत नाही, जिन्यातला दिवा गेला होता.

तुमच्या ताईचं मात्र वेगळंच. तिला ना इंग्रजीचं देणं ना घेणं, तरी ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं म्हणणं, नवऱ्याने घरात एक अख्खी भाषा बायकोपासून लपवून ठेवली, उद्या आणखी काय निघेल? मी सांगितलं की आणखी काही नाही. तिने कपाटं उघडून बघितली.

आता निकाल ऐका, कारण हे सगळं तुमच्या एका वाक्यातून निघालं आहे. मी क्लास सोडला. मिस घरी येऊन म्हणाल्या की काका, कान इतका तयार आहे, सहा महिन्यांत मी तुम्हाला फाडफाड बोलायला लावते. मी हात जोडले. मी इंग्रजी बोलणार नाही. का बोलावं? वाशीत दर दोन इमारतींमागे बोलायला शिकवणारा क्लास आहे, ऐकायला शिकवणारा एक दाखवा. सगळ्या गावाला बोलायचंय, मग ऐकायला शेवटी उरणार मीच ना? माझी खोकी परदेशी जातात, तिकडचे लोक ती उघडतात, आतला पंप शाबूत निघतो. याहून स्वच्छ इंग्रजी मला येत नाही आणि नको आहे. तुम्हीही मुलांना वर्षभर पाठ म्हणायला लावता, एक महिना त्यांच्या तोंडात खिळे देऊन बघा. (नको. पालक येतील.)

नुकसान झालं ते मान्य करतो. रबाळ्याच्या माझ्या शेडमध्ये आता कुणी इंग्रजी बोलत नाही. रविवारची गोष्ट सोमवारी दुपारपर्यंत सगळ्या पट्ट्यात पोचली होती. साहेब लोक येतात, नमस्कार करतात, आणि काही बोलायचं झालं तर फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन ट्रकच्या आवाजात बोलतात. घरी उत्कर्षाने फोनला लांब वायर जोडून घेतली आहे आणि ती बाल्कनीत जाऊन दार लावते. मी खिळे तोंडात धरून बसतो आणि नुसते खिळेच लागतात. पण विचाराल की परत तसा रविवार आला तर काय कराल, तर पुन्हा तेच करीन. पोरीला मान खाली घालायला लावून जपलेले कान काय कामाचे?

तेव्हा पुढच्या वेळी उंबऱ्यात उभं राहून सल्ला द्यायचा नाही. एवढंच सांगायला लिहिलं. शिकण्याचं माझं वय गेलं, इच्छा गेली, आणि गरज तर कधी नव्हतीच. लोभ आहेच, तो वाढवायची घाई नाही.

तुमचे न बोलणारे दाजी,
सयाजी

ता. क. कुलदीप कऱ्हाडकडचा आहे. वडील शिक्षक आहेत, म्हणजे तुमच्या ओळखीतले निघतील. मामा या नात्याने सहज जाऊन या आणि काय ते मोठ्याने, मराठीत विचारा.

दुसरा ता. क. तुमची ताई म्हणते की तेल बिजागरीला घातलं असलं तर तसं कळवा, ती दुसरं पाठवणार नाही.

तिसरा ता. क. (ती आता स्वयंपाकघरात गेली.) गेल्या मंगळवारी वामनराव आणि तपासणीस पुन्हा आले. खोकी माझीच घेतात, जाणार कुठे? पण या वेळी ते फाटकाबाहेर गेले नाहीत. माझ्यासमोर उभे राहून दोघे सरळ कानडीत बोलू लागले. दोघेही धारवाडकडचे निघाले. इतकी वर्षं साहेबीपणासाठी इंग्रजी वापरत होते. मी खिळे तोंडात धरले, काही उपयोग झाला नाही, नुसता आवाज. तुम्ही जत तालुक्यातल्या शाळेत पंधरा वर्षं काढली आहेत, तिथे निम्मं गाव कानडी बोलतं आणि तुम्ही घरी गवळ्याशी कानडीतच भांडता, हे मी स्वतः ऐकलं आहे. तर नाताळच्या सुट्टीला रजा जोडून पंधरा दिवस इकडे या. येताना दोन कानडी माणसांचं बोलणं भरलेल्या चार कॅसेट आणा, शक्यतो घासाघीस करणाऱ्या माणसांचं. मला बोलायला शिकवू नका. ताईने कारण विचारलं तर गुडघा दाखवायला आलोय म्हणून सांगा. आणि हे पत्र वाचल्याबरोबर चुलीत घाला, कारण यापुढे घरात कुठलीही भाषा लपवून ठेवणार नाही अशी शपथ तुमच्या ताईने कालच माझ्याकडून घेतली आहे.